पाटल्या, नारळ आणि माझं कुलूप

आमच्या कपाटाच्या दाराला आतून एक लॅमिनेट केलेला कागद चिकटवलेला आहे. त्यावर विमानप्रवासाचे अकरा नियम आहेत आणि ते मी केलेले आहेत. पहिला नियम असा की सोनंनाणं आणि कागदपत्रं चेक-इनच्या बॅगेत कधीही टाकायची नाहीत. दुसरा, बॅग बंद करण्याआधी आतल्या सामानाचा फोटो काढायचा. तिसरा कुलपाबद्दल आहे आणि तो सगळ्यांत लांबलचक आहे. बायको ह्या कागदाला संविधान म्हणते. ती केंद्र सरकारच्या नोकरीत आहे, आर. के. पुरममधलं आमचं क्वार्टर तिच्याच नावावर आहे, तेव्हा तिला तो अधिकार आहे. मी रोज कंपनीच्या बसने मानेसरला जातो आणि गाड्यांच्या सुट्या भागांत खोट काढतो. क्वालिटीवाला माणूस. घरीही तेच करतो, असं घरच्यांचं म्हणणं आहे.

त्या कागदावरचा पहिला नियम मी स्वतः मोडला आणि त्यापायी माझ्या धाकट्या बहिणीच्या पाटल्या गेल्या. हे इतक्या सरळ शब्दांत मी बरेच दिवस कोणाला सांगितलं नव्हतं. विषय निघालाच तर 'विमानात पाटल्या चोरीला गेल्या' असं म्हणायचो, म्हणजे जणू त्या आपल्या आपण विमानात जाऊन बसल्या होत्या.

पाटल्या आमच्या आईच्या, तिला तिच्या आईने दिलेल्या. आई शेवटची आठ वर्षं आमच्याकडे दिल्लीत होती. सकाळी ती उठली आहे हे आम्हाला ओट्यावर पाटल्या आपटल्याच्या आवाजावरून कळायचं. त्यातल्या एका पाटलीला पोचा होता. मी सहा-सात वर्षांचा असताना कशावरून तरी चिडून दार धाडकन लावलं होतं आणि चौकटीत आईचा हात होता. हाड वाचलं ते पाटलीमुळे. सोनाराकडून पोचा काढून घे, असं बाबा तिला कितीदा म्हणाले, पण तिने तो काढला नाही. माझा चिडका स्वभाव पाहुण्यांना सांगायची वेळ आली की ती हसत पाटली काढून दाखवायची.

शेवटच्या आजारात तिची मनगटं इतकी बारीक झाली की पाटल्या कोपरापर्यंत जायच्या. एक दिवस तिने त्या काढून माझ्या बायकोच्या हातात दिल्या आणि सांगितलं, ह्या माझ्या मुलीच्या, वर्षश्राद्धाला येईल तेव्हा दे. बाकी कुठल्याही वस्तूचं तिने नाव घेतलं नाही. बहिणीनेही आईचं दुसरं काही मागितलं नाही. पण पुण्याहून तिचा फोन आला की शेवटी एक प्रश्न ठरलेला असायचा, 'पाटल्या नीट ठेवल्यात ना?' वर्षभर ती त्यांची वाट बघत होती.

वर्षश्राद्धाला ती चार दिवस आली. बायकोने पाटल्या दिल्या, तिने तिथल्या तिथे हातात घातल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन पोळ्या लाटायला लागली. पोळपाटावर पाटल्या वाजल्या तसं मी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. वर्षभराने तो आवाज घरात आला होता. मुलगीसुद्धा तिच्या खोलीतून बाहेर येऊन दारात उभी राहिली. तिला पाटल्या हा शब्द आठवत नव्हता, ती म्हणाली, "आजीचे ते जाडवाले बँगल्स ना?"

परतीच्या दिवशी बहीण पाटल्या हातात घालूनच निघणार होती. तिथे मी माझी अक्कल पाजळली. दिल्लीत सोनं घालून कोणी फिरतं का, सिग्नलला गाडी थांबली की काचेतून हात घालतात, तुझं पुणं वेगळं, असं बरंच काही बोललो. हातातून पाटल्या ओढणारा चोर अजून जन्माला यायचाय, त्या साबण लावल्याशिवाय निघत नाहीत, असं ती म्हणाली. पण मी मोठा आणि ती धाकटी, आमच्याकडे शेवट ठरलेला असतो. तिने साबण लावून पाटल्या काढल्या. मी त्या फ्लॅनेलच्या पिशवीत घातल्या, पिशवी मोज्यात, मोजा कपड्यांच्या मधोमध. तिच्या बॅगेचं चाक मोडलं होतं म्हणून माझी छोटी बॅग दिली आणि चेनच्या दोन्ही पट्ट्यांत माझं पितळी कुलूप अडकवलं. केबिनमध्ये न्यायची बॅग, डोक्यावरच्या कप्प्यात राहणार. पहिला नियम पाळल्याचं समाधान मला होतं. फोटोही काढला.

निघायच्या वेळी बायकोने तिची ओटी भरली. पूर्वी आई समोर खुर्चीत बसायची आणि तांदूळ थोडे घातले की सुनेला टोकायची. ह्या वेळी ती खुर्ची रिकामी होती आणि दोघींचेही डोळे भरून आले. तांदूळ, सुपारी, खण आणि नारळ बहिणीने ओढणीत घेतला. ओटीचं सगळं बरोबर न्यायचं असतं. मी कुरकुरत कुलूप काढलं, नारळ कपड्यांवर बसवला आणि पुन्हा कुलूप लावलं. माझ्या अकरा नियमांत नारळाचं नाव कुठेच नव्हतं.

त्याच सकाळी मला ऑफिसच्या कामाने चेन्नईला जायचं होतं. तिच्या विमानानंतर तासाभराने माझं होतं, म्हणून आम्ही एकाच टॅक्सीने निघालो. टॅक्सी धौला कुआँच्या पुढे ट्रॅफिकमध्ये अडकली आणि विमानतळावर पोचेपर्यंत तिला उशीर झाला. सुरक्षा तपासणीत तिची बॅग बाजूला काढली गेली. कुलूप उघडून आतला नारळ वर काढत तिथल्या बाईंनी सांगितलं, "मॅडम, नारियल ऊपर नहीं जाएगा. इधर छोड़ दो, या फिर बॅग लगेज में डालो."

शेजारी एक मोठं पिंप होतं. त्यात शॅम्पूच्या बाटल्या, लायटर, लोणच्याच्या बरण्या पडल्या होत्या. बहिणीने त्या पिंपाकडे बघितलं आणि नारळ छातीशी धरला. ओटीतला नारळ, आई गेल्यानंतरची पहिली ओटी. तो ती तिथे टाकणार नाही हे मला दिसत होतं. खरं तर तो मी मागून घेऊन कुठल्या तरी खांबामागे ठेवून आलो असतो तरी चाललं असतं. बॅग तिथेच उघडी होती, मोजा हाताशी होता. पण मागे रांग चुळबुळत होती, मला घाम फुटला होता आणि असल्या वेळी मी सूत्रं हातात घेतो. नारळ आत टाकला, कुलूप लावलं आणि तिला दंडाला धरून परत बॅगा देण्याच्या काउंटरवर आणलं.

बॅग काट्यावर ठेवली तेव्हा ती म्हणाली, "दादा, थांब. पाटल्या काढून घेते."

"आता इथे सगळ्यांसमोर सोनं काढत बसणार? काउंटर बंद होतोय. कुलूप आहे ना माझं."

काउंटरवरच्या मुलीने पट्टी चिकटवता चिकटवता बहिणीला विचारलं की बॅगेत काही मौल्यवान सामान तर नाही. बहिणीने माझ्याकडे बघितलं. उत्तर मी दिलं. नाही म्हणालो, फक्त नारळ आहे. खरं सांगितलं असतं तर त्या मुलीने बॅग परत दिली असती, आणखी पाच मिनिटं गेली असती. कदाचित विमान चुकलं असतं. चुकू द्यायला हवं होतं. बॅग पट्ट्यावरून डुलत रबराच्या पडद्याआड गेली आणि बहीण तो पडदा हलायचा थांबेपर्यंत तिकडेच बघत उभी राहिली. मी घड्याळ दाखवून तिला पळवलं.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तिचा फोन आला. मी चेन्नईत एका पुरवठादाराच्या कँटीनमध्ये होतो. मोजा रिकामा आहे, एवढं एकच वाक्य तिला नीट बोलता आलं. नारळ आहे, खण आहे, कपड्यांच्या घड्यासुद्धा जागच्या जागी आहेत, पिशवी नाही.

ह्यानंतर मी जे केलं ते पाटल्या जाण्यापेक्षा वाईट होतं. आमच्या कारखान्यात एखादा भाग खराब निघाला की आम्ही उलट्या क्रमाने मागे जातो. शेवटचा हात कोणाचा लागला, त्याआधी कोणाचा, त्याआधी कोणाचा. वीस वर्षं हेच करतोय. तिचं रडणं ऐकताना मला तेच सुचलं. कुलूप होतं का, मी विचारलं. होतं. फोडलेलं? नाही, जसंच्या तसं. किल्ली? माझ्याच पर्समध्ये. मग बाहेर आल्यावर बॅग कोणी घेतली? ह्यांनी, ती म्हणाली, हे न्यायला आले होते. घरी कोणी उघडली? मी हातपाय धुवायला गेले होते, ह्यांनी माझ्याकडून किल्ली घेऊन नारळ देवापाशी ठेवायला उघडली. म्हणजे तू बघायच्या आधी?

मग तिने विचारलं, "दादा, तू हे काय विचारतोयस?"

"काही नाही गं, मी फक्त क्रम लावतोय."

माझे मेहुणे बँकेतून निवृत्त झालेले, कोणाच्या अध्यात ना मध्यात असे गृहस्थ. दिल्लीचं हवामान बघून मला रोज सकाळी मफलर घाला, मास्क लावा असा मेसेज पाठवायचे. त्या माणसाबद्दल मी तो क्रम लावत होतो. आणि लावताना मला बरंसुद्धा वाटत होतं, हे कबूल करतो. बॅग पडद्याआड गेल्यावर जे झालं ते माझ्यामुळे झालं असतं. घरात पोचल्यावर काही झालं असेल तर मी सुटत होतो.

विमान कंपनीनेही मला त्यातच मदत केली. कुलूप शाबूत आहे, वजनात फरक नाही, काउंटरवर मौल्यवान सामान नाही असं सांगितलेलं आहे आणि विमानतळ सोडण्याआधी तक्रार झालेली नाही, असं उत्तर आलं. त्यातलं तिसरं वाक्य मी पटकन वाचून पुढे गेलो आणि पहिलं मात्र बहिणीला पुन्हा सांगितलं. बघ, तेही म्हणतायत कुलूप शाबूत आहे. ती बरं म्हणाली. नंतर मेहुण्यांचे सकाळचे मेसेज बंद झाले. हे सगळं बायकोला कळलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला. "यार, तू असं विचारलंस? त्यांना?" मी म्हणालो, मी कोणाचं नाव घेतलेलं नाही. ती म्हणाली, बिल्कुल, तेवढी काळजी तू घेतलीस.

भाऊबीजेला बहीण दरवर्षी यायची किंवा मी जायचो. त्या वर्षी तिने फोनच्या पडद्याला ओवाळलं. तबक धरलेला हात रिकामा होता, एक काचेची बांगडी फक्त. मी पडद्यात मागे मेहुणे दिसतात का बघत होतो. ते दिसले नाहीत. आम्ही दोघं हवेबद्दल बोललो. पुण्यात थंडी पडली का, दिल्लीत धूर किती आहे. पाटल्या नीट ठेवल्यात ना, हे विचारायचं आता कारण उरलं नव्हतं आणि त्यामुळे तिचे फोन लवकर संपायला लागले.

बॅग कोणा नातेवाइकाच्या हाती परत आली होती. तिची चेन एके ठिकाणी अडकायची, म्हणून पुढच्या उन्हाळ्यात मी ती आमच्या सेक्टरच्या मार्केटमधल्या बॅगवाल्याकडे नेली. चष्म्याला दोरा बांधलेले वयस्कर कारागीर, झाडाखाली बसून बॅगा शिवतात. कुलूप लावलेलंच होतं आणि किल्ली मी घरी विसरलो होतो. परत जाऊन आणतो म्हणालो, तर ते हसले. खिशातलं साधं बॉलपेन काढून त्याचं टोक त्यांनी चेनच्या दातांत दाबलं, बॅग पोटातून उघडली आणि आत हात घालून मला दाखवला. मग कुलूप लावलेल्या दोन्ही पट्ट्या एकत्र धरून चेनवरून एकदा इकडे आणि एकदा तिकडे फिरवल्या. चेन मिटली. कुलूप जागच्या जागी.

"ताला तो बस तसल्ली के लिए है, साब," ते म्हणाले. आणि अडकणाऱ्या जागेवर अंगठा फिरवून सांगितलं, "ये यहाँ से पहले भी खुली है. देखो, दो दाँत टेढ़े हैं."

मी तिथेच त्यांच्या स्टुलावर बसलो. मार्केटमध्ये लोक भाजी घेत होते, ज्यूसवाल्याचं मशीन चालू होतं. ती बॅग सहा महिने माझ्या पलंगाखाली होती. रोज सुट्या भागांतली केसाएवढी खोट शोधणारा माणूस मी, आणि वाकलेले दात मला एकदाही दिसले नव्हते. मी ते शोधलेच नव्हते, कारण मला जे शोधायचं होतं ते मी आधीच शोधून मोकळा झालो होतो. कारागिरांनी पाणी दिलं.

बायको म्हणाली, आत्ताच्या आत्ता फोन कर. मी म्हणालो, असल्या गोष्टी फोनवर नसतात, समोर जाऊन सांगेन. त्यात खोटं काही नव्हतं, पण तीन आठवडे काढायला ते निमित्त बरं होतं. त्या तीन आठवड्यांत मी मनात सगळं बसवलं. आधी बॅग दाखवायची, मग पेन, मग वाकलेले दात, मग माफी. मुद्देसूद. चेन मी मुद्दाम दुरुस्त करून घेतली नव्हती.

एका रविवारी सकाळी मी पुण्यात बहिणीच्या घरी पोचलो. दार मेहुण्यांनी उघडलं. "या," म्हणाले आणि नेहमीसारखी माझ्या हातातली बॅग घ्यायला हात पुढे केला, मग थबकून तो मागे घेतला. हे मी विसरू म्हटलं तरी विसरणार नाही. माझ्या बॅगेला हात लावायची त्या माणसाला भीती वाटावी, एवढं मी करून ठेवलं होतं.

मी चहासुद्धा थांबवला. जेवणाच्या टेबलावर बॅग ठेवली, कुलूप दाखवलं, पेन काढलं. दोघं समोर बसली होती. मी चेन उघडली, आत हात घालून दाखवला, पट्ट्या फिरवून बंद केली. दोन वाकलेल्या दातांवर बोट ठेवलं. चोरी विमानतळावरच झाली आहे, मी म्हणालो, आता त्यात शंका नाही. मग मेहुण्यांकडे वळून म्हणालो की मी तुमच्यावर संशय घेतला, मला माफ करा. पाठ केलेलं सगळं बोलून झालं होतं आणि मी त्यांच्या चेहऱ्यावर सुटका दिसायची वाट बघत होतो.

मेहुण्यांनी टेबलावरचं पेन उचलून त्याचं टोपण लावलं. "दादा, हे आम्हाला माहीत होतं," ते म्हणाले. "त्याच आठवड्यात व्हिडिओ बघितला होता. तुमच्या बॅगेवर करूनही बघितलं. मी तुम्हाला पाठवणार होतो."

"मग पाठवला का नाहीत?"

त्यांनी बहिणीकडे बघितलं. ती टेबलावर रिकामे हात ठेवून बसली होती.

"मी नको म्हटलं," ती म्हणाली. "मी सांगितलं होतं ना तुला, मोजा रिकामा आहे म्हणून. म्हटलं, दादाला ते पुरे व्हायला हवं. वर्षभर वाट बघितली, दादा. आणि आज तू पेन घेऊन आलास."

सबबी सगळ्या त्या बॅगेत होत्या आणि बॅग टेबलावर उघडी पडली होती. मग मी तिला उरलेलं सांगितलं, जे तिला माहीतच होतं. तू पाटल्या काढून घेते म्हणालीस, मी काढू दिल्या नाहीत. त्या मुलीने तुला विचारलं आणि मी नाही म्हणालो. चूक तिथे झाली, पट्ट्यावर नाही. ती हो म्हणाली, फार हळू. मग उठून तिने चहाचं आधण ठेवलं. मेहुणे मला पुण्यातल्या उन्हाबद्दल सांगू लागले. मी जेवलो, दुपारी तिथेच आडवा झालो. तिने पोळ्या केल्या तेव्हा मी जागा होतो. पोळपाटावर नुसतं लाटणं वाजत होतं.

संध्याकाळी ती दोघं मला विमानतळावर सोडायला आली. पोचलास की फोन कर, एवढं ती म्हणाली. पूर्वीही हेच म्हणायची, त्यामुळे त्यात माफी होती की सवय, हे मला ओळखता आलं नाही आणि विचारायचा धीरही झाला नाही. काउंटरवरच्या मुलीने पट्टी चिकटवता चिकटवता विचारलं की बॅगेत काही मौल्यवान सामान आहे का. बॅगेत घडी घातलेला एक शर्ट, टॉवेल आणि ते पितळी कुलूप होतं.

नाही, मी म्हणालो. ह्या वेळी ते खरं होतं.